पाळीचं दूध

ज्या साली आमच्या अक्काचं लग्न झालं आणि घरची एकुलती एक म्हैस तिच्या पाठोपाठ आंदण गेली, त्या सालच्या दिवाळीनंतर गावच्या जत्रेचा कारभार बघणाऱ्या दौलूतात्यांनी मला कोल्हापूरच्या तालमीत नेऊन सोडलं. बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदलं ते वर्ष.

तालमीच्या दारात तात्यांनी धोतराच्या सोग्यानं घाम पुसला आणि हातातली पितळी किटली पुढे केली. "हे कुरणेवाडीचं दूध. ज्या घरात दुभतं हाय त्या घरानं पाळीपाळीनं द्यायचं ठरलंय. रोज पहिल्या यष्टीनं किटली यील. पोरगं गावाचं हाय, खुराक गावाचा. चैताच्या जत्रंला मैदान मारून दावायचं."

किटलीवर त्यांनी तांबड्या रंगात माझं नाव घालून घेतलं होतं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण तांबडा रंग बघून किटली ओळखायची हे कळलं.

दस्तगीर वस्ताद त्या दिवशी तालमीत नव्हते. थोरल्या पोरांना घेऊन बेळगावकडे मैदानाला गेले होते. मागे परशा होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मानेचा आणि खांद्याचा सांधा कुठे असतो ते न दिसणारा गडी. त्यानं किटलीतलं दूध लोट्यात ओतलं.

"घे. एका दमात. तोंडाला लावलेला लोटा खाली ठिवायचा न्हाय, हितला रिवाज हाय."

मी प्यालो. आमच्या घरी म्हैस असताना दूध चहाच्या गाड्याला जायचं, आमच्या वाट्याला ताक. एवढं दूध मी जन्मात एकदम प्यालो नव्हतो. गोड लागलं. तात्या खूश होऊन एसटी गाठायला निघून गेले.

थोड्या वेळानं पोटात असं गुरगुरायला लागलं, की शेजारी जोर मारणारा गडी थांबून इकडेतिकडे बघायला लागला. मग कळ आली. मग मी पळालो. परत येऊन लंगोट आवळतोय तोवर पुन्हा पळालो. आखाड्यातली पोरं हसून हसून मातीत लोळली.

"आरं, पैलवान आलाय का डाकेचा घोडा?"

परशा मात्र हसला नाही. जाणत्या माणसासारखी मान हलवून म्हणाला, "कोठा साफ व्हतोय. आजवरची घाण निघतीया. हे निघालं की मग दूध अंगाला लागतंय बघ. उद्या जादा घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी जादा घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याहून जादा. घाण काही संपेना. मग परशाला वाटलं, किटलीला वाटेत नजर लागत असावी. त्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मग म्हणाला, म्हशीचं जड पडतंय, गाईचं बघू. गाईचं बघितलं. मग कुणाच्या तरी शेळीचं आणलं. उकळून, हळद घालून, सुंठ घालून, सगळं करून झालं. परशाचा जीव चांगला होता, माझ्यासाठी तो पहाटे शेळीमागे फिरला. पण माझ्या मांड्या बघता बघता उतरल्या. बैठका मारताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"दूध पचत न्हाय त्याला पैलवानकी पचत न्हाय," एक जण म्हणाला. ते मला पटलं. मी गाठोडं बांधलं.

दारातच वस्तादांनी अडवलं. ते नुकतेच बेळगावहून उतरले होते, खांद्यावर पडशी तशीच. पन्नाशी उलटलेला माणूस, कान मोडून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले, आवाज मात्र अगदी हळू.

"कुरणेवाडीचा केरबा तूच न्हवं? कुठं चाललास?"

"गावाकडं."

"कुणी मारलं?"

"न्हाय. दूध सोसत न्हाय."

वस्तादांनी पडशी खाली ठेवली. मला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि समोर उकिडवे बसले. मला वाटलं, आता शिव्या देणार. पण ते विचारायला लागले.

"प्याल्याबरुबर व्हतंय, का जरा वेळानं?"

"जरा वेळानं."

"आधी गुरगुरतंय? मग पोट नगाऱ्यागत फुगतंय?"

"व्हय."

"मग कळ. बेंबीच्या खाली."

"व्हय."

"ताक प्याल्यावर?"

"ताक प्यालो तर कायबी होत न्हाय. घरात ताकच प्यालोय."

"आंबट व्हतं, का गोड?"

"आंबाट. आईचं ताक दात आंबवतंय."

"तूप?"

"तूप कुठलं आमाला, वस्ताद."

वस्तादांनी माझ्या गाठोड्याकडे बघितलं. मग उठून म्हणाले, "गाठुडं सोड. आजपास्नं कच्चं न्हाय, तापीवलेलं न्हाय, दूध म्हणून पोटात थेंब घ्यायचा न्हाय. पेढा न्हाय, बासुंदी न्हाय, खरवस न्हाय. आणि कुणापाशी बोलायचं न्हाय."

"मग गावाच्या दुधाचं काय?"

"गावाचं दूध तुलाच मिळंल. चल."

वस्तादांचं घर तालमीच्या मागच्या बोळात होतं. त्यांची बायको हलीमाचाची दारात कोंबड्यांना कण्या टाकत होती. वस्तादांनी किटली तिच्यापुढे ठेवली आणि एवढंच म्हणाले, "ह्योबी तसलाच हाय."

चाचीनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "आगं बया," ती म्हणाली, "मग शेंगा लागतील."

त्या दिवसापासून माझा खुराक त्या घरात शिजायला लागला. किटलीतलं दूध तापवून चाची विरजण लावायची आणि दही चांगलं आंबट होईतो हात लावू द्यायची नाही. "कवळं दही तुज्या पोटात दूधच हाय," म्हणायची. मग ते घुसळून लोणी निघायचं, लोण्याचं तूप कढायचं. तूप माझ्या भाकरीवर, ताक माझ्या आंबिलीत. नाचणीचं पीठ आदल्या दिवशी ताकात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, वरून लसूण. दुपारी ज्वारीची भाकरी, भिजवलेले हरभरे, शेवग्याच्या पाल्याची भाजी, नाहीतर तिळाची चटणी. बाजारच्या दिवशी बारीक सुकी मासळी. काट्यासकट चावून खा, म्हणायची, दुधात जे असतं ते काट्यात असतं. अंडी तिच्या कोंबड्यांची. बदाम-पिस्त्याची थंडाई पिणारे पैलवान तालमीत होते. आमच्यात बदाम कुणी बघितले होते! पण शेंगा गावाकडे पोत्यानं पिकायच्या. आईनं एक पोतं धाडलं.

त्या शेंगदाण्यांचं चाची काय करायची, ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंड उघडं पडलं. भिजलेले दाणे पाट्यावर गंधासारखे वाटायचे, पाणी घालून पंच्यातून पिळायचे, गुळाचा खडा टाकायचा. लोट्यात पांढरंशुभ्र दूध. वस्ताद म्हणाले, "जोर-बैठका झाल्या की ह्यो लोटा सगळ्यांच्या म्होरं प्यायचा. रिवाज मोडायचा न्हाय."

परशानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय रं, पचायला लागलं?"

"लागलं."

"बघ! म्या म्हणलं नव्हतं? घाण निघाली."

मी एकदा चाचीला विचारलं, "चाची, ह्ये शेंगांचं दूध तुमास्नी कुणी शिकीवलं?"

"पोटानं," ती म्हणाली. "तू वाट गप. खडा ऱ्हायला तर परत वाटायला लावीन."

पहिल्या चैत्रात अंग भरलेलं नव्हतं म्हणून वस्तादांनी जत्रेत उतरू दिलं नाही. वर्ष गेलं. मांड्या भरल्या, मान भरली. आठवड्यातून एकदा वस्ताद आम्हाला संध्याकाळी दूधकट्ट्यावर न्यायचे. तिथे गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळता लोटा हातात देतात. कुस्तीचे शौकीन लोक पैलवान दिसला की आग्रहानं दूध पाजतात. नको म्हणणं म्हणजे पाजणाऱ्याचा अपमान. एका शौकिनानं माझ्यापुढे लोटा धरला, तेव्हा वस्तादांनी तो मधेच घेऊन परशाकडे दिला. "लोटा तालमीचा, पैलवानबी तालमीचा. ह्यो पिला काय आन् त्यो पिला काय!" शौकीन हसला आणि परशानं तीन लोटे रिचवले.

परत येताना परशा मागे रेंगाळला आणि माझ्या कानाशी लागला. "वस्ताद सोता कधी कट्ट्यावर पितेत का, बघितलंस?"

"न्हाय."

"मन उडालंय त्येंचं. तरणेपणी लई पेत हुते म्हणं. पर उत्तरंच्या एका पैलवानाबरुबर मोठी कुस्ती लागली, आन् वस्ताद पोट धरून खालीच बसले. हात न लावता चीत. लोक म्हणत्यात, कुस्ती विकली. तवापास्नं आखाड्यात उतरले न्हाईत. तू इचारू नगंस हां."

मी विचारलं नाही. पण त्या रात्री भाकरी खाताना वस्तादांच्या तोंडाकडे बघवेना.

दुष्काळ आला. आमच्याकडे नदी होती म्हणून माणसं तगली, पण वैरण सोन्याची झाली. म्हशी आटल्या. तरी पहिल्या एसटीनं किटली येत राहिली. कधी अर्धी, कधी तळाला. एकदा तर नुसती हिंदकळण्याएवढी आली आणि कंडक्टर म्हणाला, "हौसाबाईची पाळी हुती. तिच्या नातवाला ठिवलं न्हाय तिनं." चाचीनं त्याचं दही लावलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बोटानं निपटून खा."

त्या चैत्रात गावची जत्रा भरली. भैरोबाच्या देवळासमोर माणूस मावेना. माझी कुस्ती शेवटची, मानाची, शेजारच्या तालुक्यातल्या शिवा नावाच्या पैलवानाबरोबर. तो माझ्याहून वजनानं जास्त. वस्ताद, परशा आणि मी देवळापाशी आलो, तर तात्या फेटा बांधून उभे. त्यांच्या बाजूला बायका, प्रत्येकीच्या हातात तांब्या.

तात्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पाळी दिलेल्या समद्या घरांचं दूध एका घागरीत केलंय. देवाला दावलंय. आता आपला पैलवान समद्यांसमोर पिईल आन् मगच मैदानात उतरंल. गावाचा मान हाय ह्यो."

त्यांनी घागरीतून मोठा तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. पलीकडे हलगी वाजायला लागली होती. एक जोड लागली होती, ती सुटली की माझी. तेवढ्या वेळात हे दूध पोटात काय करील ते मला नेमकं माहीत होतं. आधी गुरगुर, मग फुगणार, मग कळ, बेंबीच्या खाली. नेमकी शिवाच्या मिठीत.

वस्ताद पुढे झाले. "तात्या, कुस्ती झाल्यावर पिईल की पोरगं. पोट हलकं असावं."

"न्हाय वस्ताद. आधी मान, मग कुस्ती."

"घोटभर लावू द्या नुसतं."

"घोटभर?" हौसाबाई पुढे आली. काटकुळी म्हातारी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. "दुस्काळात नातवाच्या तोंडचं काढून दिलंय. आमच्या दुधाला काय इख लागलंय व्हय?"

माणसं बघायला लागली. गर्दीत माझी आई होती. तिचा चेहरा कावराबावरा झालेला दिसला. मी तांब्या घेतला. नाही म्हणावं तर गाव तुटतं, प्यावं तर कुस्ती जाते, आणि कुस्ती गेली की गावही जातं. पिऊन टाकावं, बघू पुढचं पुढं, असं ठरवून मी तांब्या ओठाला लावला. साईचा वास आला.

वस्तादांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते हळूच बोलायचे. पण त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला.

"ऐका! ह्या पोराला दूध सोसत न्हाय. म्या पाजू देणार न्हाय."

तात्यांचा फेटा हलला. "काय बोलताय वस्ताद? दीड वरीस पितोय त्यो!"

"पीत न्हाय. खातोय. तुमच्या दुधाचं दही लागतंय माज्या घरात, ताक व्हतंय, तूप व्हतंय. थेंब वाया गेला न्हाय. त्येची मान बघा, दंड बघा, त्यो समदा तुमच्या दुधाचाच हाय. पर नुसतं दूध त्येच्या पोटात ठरत न्हाय."

"पैलवानाला दूध ठरत न्हाय?" मागून कुणीतरी ओरडलं. "मग पैलवान कसला त्यो!"

"माझ्यागत," वस्ताद म्हणाले.

कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

"उत्तरंच्या गड्याबरुबर माझी कुस्ती झालेली तुमच्यातल्या म्हाताऱ्यास्नी ठावं असंल. मैदानात उतरायच्या आधी इनामदारांनी सोताच्या हातानं चांदीचा गडवा दिला. दुधाचा. समद्यांसमोर. नको म्हणता आलं न्हाय. पिलो. हात मिळवायच्या आत पोटात कळ उठली आन् म्या खाली बसलो. कुस्ती विकली म्हणत्यात न्हवं? विकली न्हाय. दुधानं पाडलं मला."

मग एका पोरानं फस्सकन हसू सोडलं आणि सगळी गर्दी फुटली.

"दुधानं पाडलं! आरं, कुठला डाव टाकला दुधानं?"

"धोबीपछाड!"

"वस्ताद, म्हशीबरुबर कुस्ती लावू या का?"

परशा रागानं लालबुंद होऊन पुढे निघाला. वस्तादांनी त्याला हातानं मागे सारलं. ते तसेच उभे होते, हसणाऱ्यांकडे बघत.

हौसाबाई तेवढी हसली नाही. तिनं वस्तादांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि तात्यांकडे वळली. "तात्या, भल्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर काय ठिवत्यात?"

"काय?"

"दही ठिवत्यात, का दुधाचा तांब्या ठिवत्यात?"

तात्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"केरबाच्या आई, बघतीस काय? माज्या शिंक्यावर गाडगं हाय. कालचं हाय, आंबाट हाय. आण जा."

आई पळाली. येताना तिच्या पदराला दह्याचे डाग पडले होते. तिनं माझ्या तळहातावर दही ठेवलं, मी ते चाटून खाल्लं आणि हात डोक्याला पुसून मैदानाकडे निघालो. मागे तात्यांचा आवाज ऐकू आला, "घागर पोरास्नी वाटा मग, उभी काय ऱ्हायलाय!"

कुस्ती लांबली. शिवानं मला दोनदा खाली घेतलं, मी दोनदा निसटलो. पोटात काही नव्हतं, फक्त दम. उन्हं कलायला लागली तेव्हा तो धापा टाकायला लागला. मी त्याला खाली दाबला आणि घिस्सा डाव टाकून उलटवला. त्याची पाठ मातीला लागली की नाही यावर पंचांचा थोडा वाद झाला, पण शिवानंच उठून माझा हात वर केला.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. पण गावात त्या दिवशी माझ्या कुस्तीपेक्षा जास्त चर्चा दुसऱ्याच गोष्टीची होती. हॉटेलात, पारावर, रहाटपाळण्यापाशी, एकच. "ऐकलंस का, दुधानं पाडलं म्हणं!"

परतीच्या एसटीत परशा झोपला. मी वस्तादांच्या शेजारी बसलो होतो. बरंच अंतर गेल्यावर धीर करून म्हणालो, "वस्ताद, माझ्यापायी तुमचं हसं झालं."

"झालं खरं."

"आधी कधी सांगितलं न्हाईसा कुणाला?"

"हलीमाला ठावं हुतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तवा मी तरणा हुतो, केरबा. चोर म्हणलेलं मला चाललं. कच्चा म्हणलेलं चाललं नसतं. दूध पचत न्हाय त्यो कसला पैलवान, हे लोक म्हणायच्या आधी मीच म्हणत हुतो. गावं पोरं धाडतील का माझ्याकडं, ह्येची बी भीती."

"आता न्हाय धाडायची."

"बघू. धाडतील, न धाडतील." मग त्यांच्या मोडक्या कानापाशी सुरकुत्या पडल्या, ते हसत होते. "तुला सांगू? इतकी वर्सं मी बाजारातनं जाताना लोक मागनं हळू बोलायचे. मला ऐकू यायचं न्हाय, पर कळायचं. आज पैल्यांदा तोंडावर हसले. बरं वाटलं."

पुढच्या आठवड्यात पहिल्या एसटीनं किटली आली. झाकण उघडलं तर आत दही होतं.

तालमीत पोरं येत राहिली. येणाऱ्याला वस्ताद आधी विचारायचे, "दूध सोसतंय का?" अधूनमधून एखादा लाजत नाही म्हणायचा, आणि त्याच्यासाठी चाची शेंगा भिजत घालायची. बाजारातली पोरं त्यांना "दूधवाले वस्ताद" म्हणून हाका मारायची, ते हात वर करायचे.

हौसाबाई त्याच साली, पाऊस लागायच्या आत गेली. हलीमाचाची एकोणीसशे एक्क्याण्णवच्या रमजानमध्ये गेली. दस्तगीर वस्ताद एकोणीसशे शहाण्णवच्या मे महिन्यात, सकाळी तालमीच्या ओट्यावर बसले असताना वारले.